शेपूट विझलेला देवमासा

॥ श्री स्वामी समर्थ ॥

बीव्हर्टन, ओरेगन, अमेरिका
मार्गशीर्ष वद्य पंचमी

चि. तम्मास अण्णाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा निरोप पोराच्या फोनवर ऐकला. "मजा चालूय की अण्णा तुमची, आमची आठवणबी ऱ्हायली न्हाई." तम्मा, इथे मजा म्हणजे काय असते ते एकदा सविस्तरच कळवतो. फोनवर सांगायला गेलो की तू दोन वेळा "हां, हां" करतोस आणि तिसऱ्या वाक्याला बोअरच्या मोटारीवर येतोस. म्हणून हे पत्र. पोरगा याचे फोटो काढून तुला पाठवील. पाने पाठपोट आहेत. एकच बाजू वाचून गावभर अर्धवट सांगत फिरू नकोस.

तर दत्तजयंतीच्या दिवशी मला बोटी बघायला नेले.

आता तूच बघ. मैंदर्गीत असतो तर पहाटेच गाणगापूरची वाट धरली असती. भीमा-अमरजेच्या संगमावर आंघोळ, मठात निर्गुण पादुकांचे दर्शन, अंगात ताकद उरली तर येताना पुढे अक्कलकोट. इथे सकाळी चहा पिताना सूनबाईने जाहीर केले, "बाबा, आज संध्याकाळी ख्रिसमस शिप्स बघायला जायचंय. सगळ्यांनी." त्या 'सगळ्यांनी'त मी येत नाही असे मी लगेच सांगून टाकले.

माझी कारणे साधी होती. एक तर थंडी चार-पाच डिग्री. दुसरे म्हणजे दुपारी साडेचारला इथे दिवेलागण होते आणि त्यापुढे घराबाहेर पडणे मला चोराचे काम वाटते. तिसरा पाऊस. आपल्याकडे वर्षाकाठी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पडला तर आपण समाधानी. इथे नऊशेच्या वर, आणि तो बहुतेक हिवाळ्यात. बरे, पडतो तोही मर्दासारखा नाही. पडतोय की थांबलाय हे शर्ट ओला झाल्यावरच कळते. आणि गावात कुणी छत्री उघडत नाही. छत्री उघडली की माणूस बाहेरगावचा, हे इथे लांबूनच ओळखतात म्हणे.

पण खरे कारण तुला सांगतो. तम्मा, मी आयुष्यभर लोकांच्या घरचे दिवे लावले आणि काहींचे कापले. वीज मंडळात लाईनमन म्हणून लागलो, २००५ साली मंडळाची महावितरण झाली, तिच्यातून निवृत्त झालो. जत्रेची रोषणाई लोक बघायला जातात, मी ती निस्तरायला जात असे. कुठली माळ कुठून घेतली, आकडा कोणी टाकला, डीपीवर लोड किती आला, कुठल्या मंडपात कुणी उघडी वायर चिखलातून नेली, हे बघण्यात माझ्या किती जत्रा गेल्या ते तुला माहीत आहे. अशा माणसाने रिटायर झाल्यावर परमुलखात गाठीचे पैसे मोडून परत बल्बच बघायला जायचे?

आणि जहाजे म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे नौदलाची जहाजे आली. नौदल दिनाला गेटवेसमोर दिवे लावून उभी असतात ती. मी पोराला विचारले, "नदीत तसली जहाजं मावतात होय रे?" तो म्हणाला, "जहाजं नाहीत बाबा, लोकांच्या आपल्या आपल्या बोटी. दिवे लावून ओळीने येतात." झाले. म्हणजे होड्या. उत्साह होता नव्हता तो तिथेच संपला.

पण घरात माझे मत मोजले जात नाही हे तुला काय सांगायचे. तुझी वहिनी तोवर तयार होऊन दारात उभी. इरकल, त्याच्यावर पोराचे जाड जाकीट, डोक्याला कानटोपी, पायात नातीचे नको झालेले बूट. हातात शिदोरी. म्हणाली, "पौर्णिमेला नदीचं दर्शन घडतंय, नाही म्हनू नका." नात म्हणाली, "आबा, प्लीज." मग मीही सोलापुरी चादर अंगावर घेतली आणि निघालो. जाकीट घालणार नाही म्हणून सांगितले. तेवढा मान राखला.

गाडीने गेलो तर गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून मॅक्सने गेलो. ही इथली रस्त्यावरून धावणारी रेल्वे. पोराने तिकिटे काढली, माझे निम्मे. ६५ च्या पुढच्या माणसाला इथे तिकिटापुरता 'सन्माननीय नागरिक' म्हणतात. आपल्या एसटीतही ६५ ला निम्मे आहे, आणि २०२२ पासून ७५ ला 'अमृत' म्हणून फुकट. सवलतीत आपण काही कमी नाही. फक्त कंडक्टर "ओ म्हातारबा, आधार काढा" म्हणतो, सन्माननीय म्हणत नाही. मी ते तिकीट पाकिटात जपून ठेवले आहे. दुधनीच्या गाडीत एकदा दाखवून बघणार आहे.

शहर लागायच्या आधी एक डोंगर आहे. गाडी त्याच्या पोटात शिरते आणि आत एक स्टेशन येते, वॉशिंग्टन पार्क नावाचे. जमिनीखाली २६० फूट. सबंध उत्तर अमेरिकेत एवढे खोल स्टेशन दुसरे नाही, असे पोराने सांगितले. माझे कान दडपले. तम्मा, आपल्या रानातली दुसरी बोअर याच्याहून खोल नेली आणि वर काय आले? धुरळा. यांनी २६० फुटांवर माणसे उतरवली आणि वर यायला लिफ्ट ठेवली. तुझी वहिनी खिडकीतून बघत म्हणाली, "पाणी लागलं नसंल का हो खणताना?" मला तिचा प्रश्न रास्त वाटला. पोराला उत्तर आले नाही.

नदीचे नाव विलामेट. तीनशे किलोमीटर लांब, आणि वाहते दक्षिणेकडून उत्तरेला. शहराच्या पुढे ती कोलंबिया नावाच्या मोठ्या नदीला मिळते. सूनबाई हे सांगत होती, त्यातले वहिनीने "मिळते" एवढेच उचलले. "म्हंजे संगम हाय की!" असे म्हणून तिने पदराची गाठ सोडली आणि एक नाणे पाण्यात टाकून हात जोडले. ती पावली होती. इथल्या पावलीचे आपले विसाच्या वर रुपये होतात. मी हिशेब सांगितला, तर माझ्याकडे असे बघितले की मी पुढे बोललो नाही. पोरगा इकडेतिकडे बघत होता, नदीत नाणे टाकायला दंड आहे की काय म्हणून.

काठाला लांबलचक बाग आहे. टॉम मॅकॉल म्हणून इथले एक गव्हर्नर होऊन गेले, त्यांचे नाव दिले आहे. त्या जागी आधी महामार्ग होता, नदीला अगदी खेटून. १९७४ साली तो बंद करून उखडला आणि तिथे हिरवळ केली. मी हे पोराकडून दोनदा विचारून घेतले. अतिक्रमण म्हणून टपऱ्या हटवलेल्या मी बघितल्या आहेत, त्यांचे कनेक्शन तोडायला मलाच पाठवत. पण सरकारने आपलाच चालता रस्ता अतिक्रमण धरून हटवला, हे मी प्रथमच ऐकले.

लोक चांगले जमले होते. घडीच्या खुर्च्या, थर्मास, मुलांच्या डोक्यावर लुकलुकणारी शिंगे. मी सवयीने आधी स्टेज शोधले. नव्हते. बॅनर शोधला, कुणाचे हात जोडलेले फोटो आहेत ते बघायला. तोही नव्हता. "उद्घाटन कुणाच्या हस्ते?" म्हणून पोराला विचारले, तर म्हणाला, "कुणाच्याच नाही बाबा. त्या येतात, जातात."

मग त्याने सगळा इतिहास सांगितला. १९५४ साली पोर्टलँड यॉट क्लबातली एकच शिडाची होडी दिवे लावून नदीतून फिरली. एकटीच. तिच्या मागून वाढत वाढत आता पन्नास-साठ बोटी झाल्या आहेत. त्यांचे दोन तांडे, एक कोलंबियात, एक विलामेटमध्ये. डिसेंबरात दोनेक आठवडे रात्री वेगवेगळ्या घाटांवरून जातात. बोट ज्याची त्याची, डिझेल पदरचे, दिवे पदरचे, पगार कुणाला नाही. बघायला तिकीट नाही. दारावर वर्गणी मागायला कुणी येत नाही, द्यायची तर आपणहून द्या.

"पावतीपुस्तक?"

"नाही."

"मग कमिटीत भांडणं कशावरून होतात?"

पोरगा हसला, पण मी गंभीरपणे विचारत होतो. सत्तर वर्षे एक मिरवणूक चालते आणि तिच्यात दोन तट पडत नाहीत, यावर आपल्या पंचांचा विश्वास बसेल का? मला तरी आतून काहीतरी असणार असेच वाटते. दोन नद्यांत दोन तांडे उगीच झाले नसतील.

हा उद्योग करणारे हे एकटे नाहीत. वरच्या अंगाला सिएटलला १९४९ पासून आहे. तिथे एका मोठ्या बोटीवर गाणारे असतात, ती काठाला थांबली की त्यांची गाणी भोंग्यावरून ऐकू येतात आणि काठावरचे लोक शेकोट्या पेटवून ऐकतात. शेकोटीची सोय आहे म्हणजे सिएटलवाले शहाणे. आणि खाली कॅलिफोर्नियात न्यूपोर्ट बीच म्हणून गाव आहे, तिथे १९०८ साली जॉन स्कार्पा नावाच्या इटालियन नावाड्याने आपली एक गोंडोला आणि मागे आठ छोट्या होड्या अशी वरात काढली, सगळ्यांना जपानी कागदी कंदील लावून. लाकडी होडी आणि कागदी कंदील! अशा जोडणीच्या अर्जावर मी तरी सही केली नसती.

बोटी सांगितल्या वेळेला आल्या. प्रमुख पाहुण्यांची वाट बघायची नसली की हा एक फायदा होतो.

आधी लांब पुलाखाली नुसते रंग हलताना दिसले. पूल म्हणजे हॉथॉर्न पूल, १९१० सालचा, लोखंडी. त्याचा मधला भाग सबंध वर उचलला जातो, दोन्ही मनोऱ्यांत जडशीळ वजने टांगली आहेत. एकशे दहा वर्षांवरचे यंत्र अजून चालते. इथे त्याला रोज तेलपाणी करणारा कुणीतरी असणार, आणि त्याचे नाव कुठे लिहिलेले नसणार. असो. पुलाखालून एकेक बोट पुढे आली. दिव्यांचे एक इंजिन, चाके फिरल्यागत दिवे पळवलेले. हरणे जुंपलेली गाडी आणि तीत तो दाढीवाला. एक अजगर, तोंडातून लाल माळा सोडणारा. अंधारात बोट दिसत नाही, नुसते चित्र पाण्यावरून सरकते. आणि खाली पाण्यात तेच चित्र उलटे. म्हणजे निम्मे बल्ब बिलाशिवायचे.

लोक "वाऽव" करत होते. मी वायर शोधत होतो. नदीच्या मधोमध खांब नाही, मग आकडा टाकणार कुठे? म्हणजे बोटीगणिक जनरेटर किंवा बॅटरी. आवाज कमी, म्हणजे जनरेटर बरे आहेत. ओल्यात जोडण्या उघड्या ठेवल्या नसतील एवढीच मनाशी आशा केली.

आणि मग तो देवमासा आला.

चांगला तीस-चाळीस फुटी. निळ्या दिव्यांची अंगाची रेघ, पांढरा डोळा, डोक्यावरून पाण्याचा फवारा, तोही माळा खालून वर पळवून केलेला. काम करणाऱ्याचा हात चांगला होता, नाव ठेवायला जागा नाही. पण तम्मा, मासा कमरेपर्यंतच. मागे अंधार. शेपूट गेलेले.

"शेपूट गेलंय त्याचं," मी म्हणालो.

नात म्हणाली, "आबा, इट्स अ व्हेल!"

"व्हेल असू दे नाहीतर चिलापी असू दे. माळ गेलीय त्याची."

कुणी लक्ष दिले नाही. शेजारची एक बाई मात्र माझ्या चादरीकडे बघून ती कुठे मिळते म्हणून विचारत होती. सूनबाईने तिला सोलापूर हे नाव तीनदा सांगितले. बाईने फोनमध्ये लिहून घेतले. काय लिहिले देव जाणे. त्यानंतर किती बोटी गेल्या, त्यावर काय होते, मला विचारू नकोस. माझी मान त्या माशाच्या मागे पूर्वेच्या काठाकडे वळली ती वळलीच. पोराने विचारले, "कसं वाटलं बाबा?" मी सांगितले, "लोड जास्त झालाय."

परतीच्या गाडीत पोराने माझा मूड बघून एक माहिती काढली, आणि ती मात्र कामाची निघाली. याच नदीवर वरच्या अंगाला ओरेगन सिटी म्हणून गाव आहे, तिथे मोठा धबधबा. ३ जून १८८९ ला त्या धबधब्यावर वीज तयार करून १४ मैल तारा ओढून पोर्टलँडच्या रस्त्यात दिवे लावले. अमेरिकेत इतक्या लांबून वीज आणण्याची ती पहिली वेळ. दुसऱ्याच वर्षी पुराने ते केंद्र मोडले, तर त्यांनी नव्या पद्धतीची यंत्रे आणून पुन्हा उभे केले. आपल्या मुंबईला टाटांची खोपोलीची वीज आली १९१५ साली, त्याच्या सव्वीस वर्षे आधीची ही गोष्ट. मी पोराला म्हटले, त्या १४ मैलांत खांबावर चढलेल्या लाईनमनांची नावे बघ. त्याने स्टेशन येईपर्यंत बघितले. कंपनीच्या मालकांची नावे सापडली.

रात्री झोप लागेना. डोळे मिटले की निम्मा मासा. फ्यूज असेल? होल्डरात पाणी गेले असेल? का टोकाला कुठे जंपर सुटलाय? वहिनी म्हणाली, "थंडी बाधली का?" सकाळी चहाला मी एवढेच म्हणालो की बोटी पुन्हा बघायला जायचे आहे. तर सूनबाईने टाळी वाजवली आणि तिच्या माहेरच्या ग्रुपवर लगेच कळवले की बाबांना ख्रिसमस शिप्स फार म्हणजे फारच आवडल्या. मी सांगत होतो, आवडल्या म्हणून नव्हे. पण तोवर तिकडून अंगठे यायला लागले होते.

पोरगा मात्र माझा आहे, त्याला कळले. त्याच्या ऑफिसात एक गोरा सहकारी आहे, त्याच्या सासऱ्याची बोट तांड्यात असते. पोराने त्याला विचारले, त्याने सासऱ्याला विचारले, आणि शेपूट नसलेला मासा म्हटल्यावर सासऱ्यांना तो कुणाचा ते सांगायला वेळ लागला नाही. त्यांचाच होता.

दोन दिवसांनी आम्ही बोटी बांधतात तिथे गेलो. पाण्यावर तरंगत्या फळ्यांची गल्ली, दोन्हीकडे बोटी, आणि दर बोटीमागे विजेचा छोटा खांब. मी आधी तो बघितला. पाण्याजवळ करंट जरा कुठे गळला की आपोआप बंद पडणारी सोय प्रत्येकाला, आपण ईएलसीबी म्हणतो तसली. मन शांत झाले. इथे घरात १२० व्होल्ट असते म्हणून लोक त्याला हलके धरतात, पण ओल्या हाताला ते माणूस न्यायला पुरते.

मासा दिवसा बघितला तर काही नाही. आपण भिंतीवरून वायर न्यायला वापरतो तोच पीव्हीसीचा पाईप, गरम करून वाकवलेला. त्यावर माळा, वीतवीतभर अंतरावर काळ्या प्लास्टिकच्या पट्टीने आवळलेल्या. अंगाच्या माळा नव्या एलईडीच्या. शेपटीच्या मात्र जुन्या, अंगठ्याएवढ्या बल्बच्या. सासरेबुवा सांगत होते, पोरगा मराठीत करत होता. त्यांचे म्हणणे असे, की शेपूट बांधल्या जागी लावले की लागते, आणि नदीत गेले की पाच-दहा मिनिटांत जाते. माळ बदलली, तरी जाते. त्यांचा संशय पाण्यावर.

मला बोटीवर चढू देत नव्हते. तरंगायचे जाकीट घातल्याशिवाय नाही, आणि घातले तरी शिडीवर नाही. विमा की काय म्हणाले. मग मी फळीवर खुर्ची टाकून बसलो आणि पोराला वर चढवला. चिप बनवणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, पण त्याने पेचकस उलटा धरला हे मी तुला लिहितो आहे. तू कुणाला सांगू नकोस.

"शेपटीच्या पहिल्या माळेचा प्लग खाली दे," म्हटले. इथल्या माळांच्या प्लगातच एक बारकी सरकती खिडकी असते. नखाने सरकवली. आत काचेचे दोन फ्यूज, गव्हाच्या दाण्याहून जरा मोठे. एकाच्या पोटातली तार तुटलेली. कडेला आकडा : ३ अँपियर.

आता हिशेब घाल. एका माळेला २५ बल्ब, बल्ब ७ वॅटचा. म्हणजे माळ १७५ वॅट. १२० व्होल्टवर दीड अँपियर धर. अशा तीन माळा यांनी एकीच्या शेपटाला दुसरी, दुसरीच्या शेपटाला तिसरी अशा लावलेल्या. झाले साडेचार. फ्यूज तीनचा. मग तो बिचारा पाच-दहा मिनिटे सोसतो आणि जातो. काठावर ते दोन मिनिटे लावून बघत, म्हणून लागायची. पाण्याचा संबंध नाही. नवरात्रात मंडपवाले करतात तेच. सगळे एका होल्डरातून ओढायचे आणि मंडळाच्या नावाने बोंब मारायची.

"तिन्हींना वेगवेगळा प्लग द्या, लोड वाटून," मी म्हणालो. पोराने सांगितले. सासरेबुवांनी माझ्याकडे बघितले आणि त्याला काहीतरी विचारले. पोरगा चाचरला. मी विचारले, "काय म्हणतात?" म्हणाला, "तुम्ही इंजिनीयर होता का म्हणून विचारतात." इथे कुणी विचारले की हा पठ्ठ्या "वडील पॉवर सेक्टरमध्ये होते" असे सांगतो, ते मला माहीत आहे. मी म्हटले, "लाईनमन सांग." त्याने सांगितले. मग तिथल्या तिथे तीन प्लग केले, नवे फ्यूज माळेच्या पुडक्यातच चिकटवलेले होते. अर्धा तास लावून ठेवायला लावले. मी घड्याळ घेऊन बसलो. पाच झाली, दहा झाली, पंधरा झाली. सासरेबुवा चहा विचारून गेले, मी उठलो नाही.

उपकार फेडायचे म्हणून त्यांनी रात्री बोटीतून यायचे आमंत्रण दिले. मी नको म्हणालो. पोहता येत नाही. बोरी नदीला शिकण्याएवढे पाणी कधी टिकले असते तर गोष्ट वेगळी. पोरगा हे इंग्रजीत नीट सांगेपर्यंत वहिनीने भाषांतराची वाट न बघता मान डोलावून टाकली होती.

आणि मग काय सांगू. काल रात्री आम्ही पुन्हा त्याच काठावर. थंडी तीच, पाऊस तोच. अजगर गेला, इंजिन गेले, आणि पुलाखालून तो मासा निघाला. डोळा, अंग, फवारा, आणि मागे टोकापर्यंत भक्क पिवळे शेपूट. जुने बल्ब ना, ते नव्या निळ्यापुढे पिवळेच दिसणार. मला तर तेच बरे वाटले. पण लोक शेपटीकडे बघतच नव्हते. पुढे टोकाला, माशाच्या नाकाशी, तुझी वहिनी उभी. इरकलवर केशरी तरंगते जाकीट, डोक्यावर कानटोपी, आणि दोन्ही काठांना आळीपाळीने नमस्कार. काठावरची गर्दी हात हलवते आहे, पोरे ओरडताहेत, माणसे फोटो काढताहेत. तीही मग उजवा हात वर करून हलवू लागली, अगदी झेंडावंदनाच्या पाहुणीगत. शेवटी मिरवणुकीला प्रमुख पाहुणी मिळाली. गाव मैंदर्गी, तालुका अक्कलकोट.

नात उड्या मारत ओरडत होती, "आज्जीऽ!" मी शेपटीवर नजर ठेवून होतो. पार पुढच्या पुलाआड जाईपर्यंत लागलेले होते.

उतरल्यावर मी वहिनीला विचारले, "शेपूट कसं वाटलं?" म्हणाली, "कुठलं शेपूट? मी पुढं हुते की." कडक भाकरी आणि शेंगाची चटणी तिने बोटीवर सगळ्यांना वाटली आणि जाताना नदीत अजून दोन पावल्या टाकल्या, एक तुझ्या नावाची. त्या पावलीचे पैसे मी तुझ्याकडून घेणार नाही, पण लक्षात ठेव.

माझे मत विचारशील तर ते आहे तेच आहे. थंडीत ओले होत दुसऱ्याचे दिवे बघण्याला मी करमणूक म्हणत नाही. सूनबाई पुढच्या वर्षी पुन्हा या म्हणते. सासरेबुवांचा निरोप आहे की पुढच्या वर्षी मासा काढून मोर करायचा विचार आहे, पिसाऱ्याच्या माळा कशा वाटायच्या ते आधी कळवा. एवढा पिसारा असेल तर किमान सहा प्लग लागतील, असे मी कळवले आहे. नकाशा काढून देतो आहे.

आम्ही गड्डा जत्रेच्या आधी परततो. सोलापूरला नंदीध्वज बघितल्याशिवाय माझी संक्रांत होत नाही. ज्वारीला राखण ठेव. गंगव्वा काकूंचा गुडघा कसा आहे ते कळव. नगरपरिषदेचे पाणी कितव्या दिवशी येते आहे तेही कळव. इथे नळ केव्हाही सोडला तरी येते, त्यामुळे मला बादल्या भरून ठेवायची सवय मोडत नाही म्हणून सूनबाई हसते.

घरातील लहानथोरांस यथायोग्य.

तुझा,
अण्णा

ता. क. बोअरच्या स्टार्टरात फ्यूज सारखा जातो म्हणून तू तिथे जाड तार घातली आहेस, हे पोराच्या फोनवर दिसले. तू मोटारीचा फोटो पाठवलास, त्यात कोपऱ्यात ती तार आली आहे. आजच काढ. मोटार जळली तर मी अमेरिकेतून फेज वाटून देणार नाही.